साठच्या वर तापवू नये

३ फेब्रुवारी, सोमवार
आज पुन्हा तोच वास! सडक्या लसणाचा. नातसून कारखान्यातून आली की आधी वास येतो, मग ती. म्हटलं, अल्पना, बाहेरच्या नळावर हातपाय धू, मग आत ये. तोंड वाकडं केलं न् गेली.

५, बुधवार
विचारलं एकदाचं, करतेस काय तिथे. म्हणे, औषध बनवायला धातूची भुकटी लागते, पण ती हावरी. एक काम सांगितलं तर दोन करते, अर्ध्या औषधाचा कचरा. म्हणून तिच्यावर गंधकाच्या बारीक शेपट्यांचा थर बसवायचा, त्याचाच तो वास. मग नेमकं सांगितलेलंच करते.
कल्हईच की! एवढ्यासाठी इंदूरला सहा वर्षं शिकली.

८, शनिवार
मोठ्या टाकीतली चाचणी दुसऱ्यांदा फसली. तिच्या प्रयोगशाळेत जमतं, टाकीत नाही. साहेब म्हणाले, मंगळवारची तिसरीही फसली तर काम बंद, तुम्हीही घरी बसा. रडली नाही. पोळ्या लाटल्या, जाड्याभरड्या. कोणी खाव्या!
मी म्हटलं, भांडं कोरडं तापवलं की कल्हई जाते. तुझी भुकटी कोण तापवतं?
"वाळवायच्या भट्टीत ठेवतात, माई. पण साठच्या वर तापवू नये, असं डब्यावर लिहिलंय मी."
लिहिलंय म्हणे. वाचतं कोण?

९, रविवार
भट्टी पीयूषच्या हाताखाली. तिचा नवरा, माझा नातू, त्याच कारखान्यात शिफ्टचा इनचार्ज. ती बाजारात गेली तेव्हा धरलं त्याला. आधी म्हणे मला काय माहीत. मग मान खाली. दोन्ही वेळा भट्टी दोनशेवर ठेवली. जाणूनबुजून!
"तिचं जमलं तर तिला माझ्या वर बसवतील, माई. कारखान्यातले सगळे भिया लोक हसतील. तू मत बोलना उसको."
त्याच्या पुढचा चहा उचलला न् मोरीत ओतला.
मीच वाढवलाय हा. आई नव्हती म्हणून कधी हात उगारला नाही. तिथेच चुकलं.

१०, सोमवार, सकाळ
पोहे-जलेबी घेऊन आला. माई, माई करत मागेमागे. जलेबी खाल्ली. भुकटी आज दुपारी भट्टीत जायची.

१०, दुपार
सांगितलं तिला. सगळं. जेवणाचा डबा न घेताच निघाली, भट्टीपाशी स्वतः बसते म्हणाली. तो विचारतो, तू कोणाची आजी? आजपासून तिची, म्हटलं.