आईंचं मंजन आणि रविवारचा चहा

ती. आई,

आज सकाळी तुमच्या मुलानं तुमचं दंतमंजन चहात उकळून प्यायलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी सुनेनंच कळवलेलं बरं, म्हणून लिहायला बसले.

चूक अर्थात तुमची. बाभळीची आणि बकुळीची साल, त्रिफळा, लवंग, सगळं वस्त्रगाळ करून तुम्ही इकडे लंडनला, हॅरोच्या घरी आणायचात आणि ठेवायचात कुठे? चहाच्या मसाल्याशेजारी, तसल्याच डब्यात. बाथरूममध्ये म्हणे ओल लागते. "अहो आई, वर नाव तरी लिहू का?" विचारलं की म्हणायचात, "कशाला? वासावरून कळत नाही?" तुमच्या मुलाला सर्दी झालीय हो.

माझ्या हिरड्यांतून रक्त यायचं, त्यावरून आपलं किती वाजलं! मी दात साफ करून घ्यायला हायजिनिस्टकडे निघाले की तुम्ही डबा घेऊन दारात. "ब्रशनं खरवडू नकोस. बोटानं चोळ, हळू." तिकडे हायजिनिस्ट विचारायची, हे डाग कसले? मी कॉफीवर ढकलायचे. हिरड्या नक्की कुणामुळे सुधारल्या, हा वाद तुम्ही अर्धवट टाकून गेलात. हे काही बरं केलं नाहीत.

तुम्ही गेल्यापासून निखिल रडला नव्हता. भारतात जाऊन सगळे विधी केले, परत आला, सोमवारी ट्रेन पकडून ऑफिसला. काही विचारलं की "आय ॲम फाइन." मला त्याची भीती वाटायला लागली होती.

आज पहिल्याच घोटाला त्याचं तोंड कच्चं केळं खाल्ल्यासारखं झालं. मी डबा बघितला. "अरे, टाकून दे, ते आईंचं मंजन आहे!"

त्यानं कप खाली ठेवला नाही. दुसरा घोट तोंडात घोळवला, लहानपणी तुम्ही चूळ भरायला लावायचात तसा. मग सगळा कप संपवला आणि ओट्याला टेकून हमसून हमसून रडला. फार तुरट होतं म्हणून डोळ्यांत पाणी आलं, असं त्याचं म्हणणं आहे. असू दे.

उरलंसुरलं मंजन त्या चहात गेलं. तुमच्या बहिणीला, सुमनमावशींना, फोन करून प्रमाण विचारलं. म्हणाल्या, "अंदाजानं घाल." शोभतात तुमची बहीण!

तर आई, शब्द देते. हायजिनिस्टकडे जाईनच, पण साली मागवून मंजनही शिकेन, बिघडलं तरी पुन्हा करीन. डबा तिथंच ठेवीन, मसाल्याशेजारी. आणि वर नाव लिहिणार नाही.

तुमच्याशी भांडायला आसुसलेली,
मेघना