रस्ता डावीकडे सरकवला तर

शुक्रवार, दिवेलागण

डोंगराखालच्या टॉवरसाठी होणाऱ्या रस्त्यात आमचं स्वयंपाकघर जातंय, म्हणून आज नगरपरिषदेत माझ्या हरकतीची सुनावणी होती. साहेबांनी नकाशावर पेन्सिल डावीकडे सरकवली. "असा घेतला तर चालेल ना, ताई?" डावीकडे शेजारच्या सुनंदावहिनींचं घर. पेन्सिल त्यावरच टेकलेली मला दिसत होती. तरी मी होकारार्थी मान हलवली. का?

संध्याकाळी त्या हळदीकुंकवाला आल्या. "बरं झालं बाई, तुम्ही बोललात! साहेबापुढं आमचं तोंडच उघडत नाही." मी ओटी भरली, सवाष्णीच्या पाया पडायला वाकले आणि उठवेचना. पेन्सिलचं सगळं सांगून टाकलं.

त्यांनी पदरातले तांदूळ माझ्याच ताटात परत ओतले आणि निघून गेल्या.

हे तांदूळ टाकवत नाहीत. शिजवू तरी कसे?