चार्ज घेणारा माणूस

अजमान,
ऑक्टोबर २००३

प्रिय संजय,

फोनवर मी 'आबा' एवढं म्हणेपर्यंत तू फोन ठेवतोस, म्हणून हे पत्र. पत्रही बाजूला ठेवता येतंच, पण फोडल्यावर निदान चार ओळी वाचल्या जातात. दुपारच्या जेवणाची गर्दी ओसरली की तुझ्या हॉटेलात तासभर कुणी नसतं, हे मला ठाऊक आहे. तेव्हा वाच. रागावून वाचलंस तरी चालेल. मीही काही फार शांतपणे लिहीत नाही.

आबांना जुलैमध्ये मी इथं का आणलं, हे तू विचारलं नाहीस, पण सांगतो. पेडण्याहून शेजारच्या काकीचा फोन आला की दोनदा चुलीवर भात जळून भांडं लाल झालं आणि आबा ओटीवर बसून होते. तू म्हापशात, तासाभराच्या अंतरावर. मी समुद्रापलीकडे. पण जायला निघालो तो मी. याचा राग मला होता, अजूनही थोडा आहे. सकाळी दिवा लावताना देवीला सांगतो की हा राग घे, आणि संध्याकाळी कंपनीच्या स्टोअरमधून घरी आलो की तो पुन्हा दारात उभा असतो.

आमचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर आहे. गॅलरीतून समुद्र दिसतो. हे घर घेताना मला त्याचंच कौतुक होतं, आणि तेच नडलं. पहिल्याच सकाळी आबा गॅलरीत गेले, पाण्याकडे पाहिलं आणि त्यांची खात्री झाली की आपण काबोवर, राज्यपालांच्या वाड्यात कामावर आहोत. तेव्हापासून ते रोज दाढी करून, पांढरा शर्ट गळ्यापर्यंत लावून, हातावर नॅपकिन टाकून जेवणाच्या टेबलाशी उभे असतात. बसत नाहीत. ईशानी सोळा वर्षांची आहे, तिला शाळेची बस गाठायची असते. ती म्हणते, "डॅड, आय कान्ट ईट व्हेन समवन इज स्टँडिंग बिहाइंड मी." तिचं खाऊन होण्याआधीच आबा उजवीकडून हळूच बशी उचलतात, कारण साहेबांनी चमचा आडवा ठेवला की बशी उचलायची असते, आणि या मुलीला चमचा कसा ठेवायचा हे कुणी शिकवलेलं नाही. समोरच्या फ्लॅटमध्ये वसईचा लॅन्सी राहतो, शारजाच्या एका हॉटेलात बँक्वेट सांभाळतो. उंच आहे, ताठ चालतो, म्हणून आबांनी त्याला राज्यपालांचा ए.डी.सी. ठरवलं आहे. तोही मजेत सॅल्यूट ठोकतो. "काय सांगू गुणवंतभाऊ," म्हणाला, "बारा वर्षं इथं काढली, प्रमोशन तुमच्या म्हाताऱ्यानंच दिलं."

हसू येतं, नाही असं नाही. पण तीन महिने रोज तेच ऐकून पाहा. गोव्याच्या राज्यपालपदाचा इतिहास मला आता पाठ झाला आहे, आणि तोही स्वयंपाकघराच्या बाजूने. पोर्तुगेजांच्या काळात त्या वाड्याला पालास म्हणत, आबा तिथं कोवळ्या वयात भांडी घासायला लागले. गव्हर्नर जनरलची कॉफी बोटाएवढ्या कपात जायची. मग एकसष्टचा तो डिसेंबर आला, विमानं घिरट्या घालून गेली, टेबल मांडलेलं राहिलं आणि जेवायला कुणी आलंच नाही. त्यानंतर थोडे महिने फौजी साहेब, त्यांना सगळं घड्याळावर लागे. मग पंचवीस वर्षं संघप्रदेश, म्हणजे नायब राज्यपाल. पालासचं नाव राजनिवास झालं. कुणी दिल्लीकडचे, त्यांना दुधात उकळलेला चहा. कुणी दक्षिणेचे, त्यांच्यासाठी कॉफीचं पितळी भांडं घरून आलेलं. एक साहेब उपासाच्या दिवशी आबांना विचारून जेवत, कारण पंचांग आबांच्या डोक्यात असे. मग घटक राज्य झालं, 'नायब' गेलं, राजनिवासचं राजभवन झालं. त्यानंतर नव्वदच्या पुढे तर राज्यपाल असे बदलू लागले की एकाची चहाची तऱ्हा कळेपर्यंत त्यांचं सामान बांधायला लागे. आबा तोवर निवृत्त झाले होते, पण या सगळ्याचा हिशेब ते रेडिओवरच्या बातम्यांतून ठेवत होते. नवं नाव आलं की म्हणत, "यांना साखर किती लागते कोण जाणे."

या सगळ्यात घटक राज्याच्या दिवसाशी ते थांबतात. दर वेळी. तिथवर येतात, नॅपकिनची घडी घालतात, आणि पुन्हा पालासपासून सुरू करतात. मला वाटायचं वयामुळे विसरत असतील.

ऑगस्टमध्ये एक दिवस तुझी वहिनी छाया आंघोळीला गेली असताना ते खाली उतरले आणि फाटकाशी जाऊन उभे राहिले. इथलं ऑगस्टचं ऊन तू पाहिलेलं नाहीस. लोखंडाला हात लावता येत नाही. वॉचमन अलीमियाँने पाहिलं तेव्हा ते भिंतीला टेकून घसरत होते. त्याने खांद्यावर टाकून वर आणलं. मला फोनवर म्हणाला, "साब, बाबूजी बोलते थे गाडी आएगी, आदमी आएगा. कौन आदमी, मेरे को नहीं मालूम." डॉक्टरांनी सांगितलं, पुन्हा असं झालं तर सांगता येत नाही. छायाने नोकरी अर्धवेळ केली. ती एका शब्दानेही बोलत नाही, आणि तिच्या न बोलण्याचंच मला ओझं होतं. वर व्हिसा. भेटीचा व्हिसा आता वाढत नाही, आईवडिलांना कायम ठेवायला जो पगार लागतो तो माझा नाही. कंपनीचे मुदीर, म्हणजे मॅनेजर, रोज 'इन्शाल्ला' म्हणतात. इतक्या वर्षांत इथल्या 'इन्शाल्ला'चे प्रकार मला कळायला लागले आहेत. हा नकाराचा होता.

म्हणून दसऱ्यानंतरच्या गुरुवारी मी त्यांना घेऊन विमानतळावर गेलो. पेडण्याच्या काकीच्या मुलीने दोन महिने सांभाळायचं कबूल केलं होतं, पुढचं पुढे. आबा गाडीत शांत होते. सामान गेलं, पास हातात आला, आणि पासपोर्टच्या खिडकीपाशी ते उभे राहिले ते हलेचनात. "माझ्या जागी कोण आलाय?" म्हणाले. मी म्हटलं, येईल कुणीतरी. "येईल नाही. समोर दाखव. चार्ज दिल्याशिवाय जागा सोडता येत नाही." मागे रांग लागलेली. मी हात धरला तर माझ्याच वडिलांनी माझा हात असा झटकला की लोक वळून पाहू लागले. खिडकीतला अरब पोरगा माझ्या ईशानीहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. त्याने आबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "खलास हबीबी, टेक हिम होम. अनदर डे." तिकीट गेलं. परतताना आबा गाडीत झोपले, आणि मी स्टिअरिंगवर बसून देवीशी भांडलो. इतक्या वर्षांत प्रथमच.

त्या रात्री नीट विचार केल्यावर वाटलं, मला कळलं. आबा निवृत्त झाले तेव्हा वाड्यात साहेब बदलायची धावपळ होती. पँट्रीचा चार्ज घ्यायला कुणी नव्हतं. चमचे मोजून द्यायचे, सही घ्यायची, यातलं काही न होता किल्ल्या टेबलावर ठेवून ते घरी आले होते. आपल्या देवळात पाळी संपली तरी पुढच्या घरचा माणूस येऊन दिवा हातात घेईपर्यंत पाळीवाला पायरी उतरत नाही, तसं ते लहानपणापासून मनात बसलेलं. मी लॅन्सीला सांगितलं. शुक्रवारी तो हॉटेलचा काळा कोट, गळ्यात बो, पांढरे हातमोजे अशा थाटात आला. नोरा, त्याची बायको, दारातून हसत होती. आबांनी त्याची परीक्षाच घेतली. वाढायचं कुठल्या हाताने, उचलायचं कुठल्या, साहेब बोलत असतील तर काय करायचं. लॅन्सीने सगळं बरोबर सांगितलं. आबा खूश झाले. छायाचे स्टीलचे चमचे त्यांनी टेबलावर मांडले. मी मनात म्हटलं, सुटलो. आणि मग आबांनी चमच्यांवर हात ठेवला. "ए.डी.सी. साहेब, तुम्ही चांगले आहात. पण नेमणूक तुमची नाही. माझ्या जागी संजय आहे."

लॅन्सी कोट काढून माझ्याशेजारी सोफ्यावर बसला.

मला त्या क्षणी तुझा फार राग आला. तुला वाड्यात नोकरीला चिकटवायला आबांनी किती साहेबांपुढे हात जोडले, आणि तू दोन वर्षांत सोडून आलास. पण छाया माझ्यापेक्षा शहाणी. तिने आबांपुढे चहा ठेवला, आणि तीन महिन्यांत आमच्यापैकी कुणाला सुचला नव्हता तो प्रश्न विचारला. "आबा, चार्ज दिला की तुम्ही कुठं जाणार?" आबांनी तिच्याकडे असं पाहिलं की हेही माहीत नाही का. म्हणाले, "म्हापशाला. हिला आझिलो इस्पितळात ठेवलीय. संजयला पुढं पाठवलाय, पण त्याचं ऐकायची नाही ती. मी गेलो की औषध घेईल."

संजय, आबा राज्यपालांची वाट पाहत नाहीत. ते तीस मे सत्त्याऐंशीला, घटक राज्याच्या त्या दिवशीच उभे आहेत, आणि तिथून निघायचा प्रयत्न करताहेत.

तो दिवस तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी तेव्हा शारजात होतो, तार हातात पडली तेव्हा सगळं उरकलं होतं. मला जे माहीत आहे ते तू बाराव्याला आबांना सगळ्यांदेखत जे बोललास तेवढंच. "माणूस तोच, कप तोच, चहा तोच. कालपर्यंत नायब होते, आज नाहीत. तेवढ्यासाठी तुम्ही आईला तुमची वाट पाहत मरू दिलंत." खरंच होतं ते. राज्यपाल म्हणून शपथ घेणारे साहेब आदल्या दिवशीपर्यंत त्याच वाड्यात नायब राज्यपालच होते. आबांनी मान खाली घातली आणि एक अक्षर बोलले नाहीत, आणि आपण सगळ्यांनी समजून घेतलं की खुर्चीपायी बायको सोडणारा माणूस हा. मीही तेच समजलो. सोळा वर्षं.

आता तुकड्यातुकड्यांनी ते छायाला सांगतात. दुपारी आझिलोतून निरोप आला तेव्हा पँट्रीत तुम्ही दोघंच होतात. बाकीचे लोक बाहेर तंबूत. दिल्लीचे पाहुणे यायचे होते, तू रडायला लागलास. दोघांपैकी एकालाच निघता येत होतं. आबांनी तुझ्या हातातली तबकडी घेतली आणि म्हणाले, "तू हो पुढं. चहा झाला की मी आलोच." मांडवीचा पूल आदल्या वर्षी कोसळलेला, बेतीला फेरीबोटीतून जायचं, गर्दी झाली तर तास मोडायचा. म्हणून त्यांनी तुला आधी पाठवलं, आईपाशी निदान एकजण वेळेवर पोचावा म्हणून. चार्ज घेणारा एकच माणूस होता आणि तो त्यांनी स्वतःच पाठवून दिला. पाहुणे उशिरा आले. चहा उशिरा झाला. हे तुला माहीत होतं का? 'मी आलोच' एवढंच तुझ्या लक्षात राहिलं असेल, आणि ते आले नाहीत. तूही त्यानंतर काबोवर परत गेला नाहीस. तेव्हा आबांच्या हिशेबी जागा तुझी, आणि ती अजून रिकामी आहे.

मी तुला दोष देत नाही. तू तिच्यापाशी होतास, तिचा हात तुझ्या हातात होता, हे त्या दिवसातलं एकमेव चांगलं. आबांना माफ कर असंही सांगत नाही. ते तुझं तू बघ.

पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी. दिवाळीच्या आधीच्या गुरुवारी दुपारी, तुझं हॉटेल रिकामं असेल तेव्हा, मी फोन करेन. या वेळी मी बोलणार नाही, फोन थेट आबांच्या हातात देईन. ते पांढरा शर्ट घालून उभे असतील, चमचे टेबलावर मांडलेले असतील. ते तुला विचारतील की मोजून घेतलेस का. तू घेतले म्हण. आणि मग एवढंच बोल, 'आबा, चार्ज मी घेतला, तुम्ही आता म्हापशाला जा.' संध्याकाळच्या विमानाची तिकिटं मी काढून ठेवली आहेत, या खेपेला मीही बरोबर येतो. दाबोळीहून पेडण्याला जाताना म्हापसा वाटेतच लागतं. आझिलोचं फाटक आलं की ते गाडी थांबवायला सांगतील. आत कुणी नाही हे तोवर त्यांना आठवलेलं असेल की नाही, मला माहीत नाही. ते सांगायला मला एकट्याला जमणार नाही. तुझं हॉटेल तिथून हाकेच्या अंतरावर आहे. फाटकाशी ये. आला नाहीस तरी फोन मात्र ठेवू नकोस.

तुझाच,
गुणवंतदादा