डावा मागचा दरवाजा

४ फेब्रुवारी, रविवार

लेकीचं पार्सल आलं. वाटलं औषधं असतील. उघडलं तर खेळण्यातली मोटार, तीही तुटलेली. म्हणजे तुटलेली नव्हे, अजून झालेलीच नाही. प्लास्टिकच्या चौकटींत करड्या रंगाचे बारीक बारीक भाग अडकवलेले. एकेक सुटा करायचा, चिकटवायचा, मग रंगवायचा. आत चिठ्ठी – "बाबा, रिकामे हात तुम्हाला खातात. त्यांना काम द्या."

ही म्हणाली, "जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या रंगवल्यात. आता देवाने तुमच्या मापाची दिली."

हसलो. हसण्याचा खोकला झाला आणि तो बराच वेळ थांबला नाही. ही पाणी घेऊन उभी राहिली.

६ फेब्रुवारी, मंगळवार

रंगखात्यातून उचलून स्टोअरला बसवलं, त्याला आज दोन महिने झाले. डॉक्टर म्हणाले होते, "छाती रंगाने भरलीय तुमची. आता बंदुकीला हात लावायचा नाही." रंगाची बंदूक म्हणायचं होतं त्यांना. पण बाहेर बसलेली बाई पिशवी सावरून लांबच्या खुर्चीवर जाऊन बसली.

दिवसभर खिडकीतून नट, बोल्ट, बल्ब काढून देतो. समोरच काचेआड माझ्या जागेवर नवा रंगारी असतो. त्याच्याकडे बघायचं नाही असं सकाळी ठरवतो. दहा वाजेपर्यंत टिकतं.

गावच्या शाळेत गुरुजी सांगायचे, मनात साचलं की दोन ओळी लिहून काढावं आणि मग हात जोडावेत, म्हणजे प्रार्थनेत कचरा येत नाही. म्हणून ही वही. लेकीची आहे, पुढची आठ पानं भूमितीची.

११ फेब्रुवारी, रविवार

मोटारीला हात घातला. पहिलाच भाग मोडला – बाजूचा आरसा. कापून काढायचा होता, मी पिळून काढला. दुसरा आरसा हिच्या नखं कापायच्या कात्रीने काढला. नीट निघाला. पुढच्या काचेला मात्र गोंदाचं बोट लागलं. आता तिथे धुकं आहे, पुसलं तरी जात नाही.

"चष्मा लावा की," ही म्हणाली. "डब्यात ठेवायला केलाय का तो?"

म्हटलं, हाताला दिसतं. तीस वर्षं हातानेच बघितलंय.

"हो, हाताला दिसलं म्हणूनच आरसा मोडला."

दुपारी बॉडी खालच्या सांगाड्यावर नुसती टेकवून बघितली आणि बघतच राहिलो. वर गोल टप, नाकासारखं पुढे आलेलं बोनेट, मागे उतरती पाठ. ही तीच गाडी. मी एकोणीस वर्षांचा असताना वस्तादांनी पहिल्यांदा माझ्या हातात बंदूक दिली ती असल्याच गाडीवर. गडद हिरवी केली होती आम्ही. ते मागे उभे होते, माझ्या मनगटाखाली दोन बोटं धरून. म्हणत होते, "हात चालता असतानाच घोडा सोडायचा. आधी थांबलास आणि मग सोडलास की रंग तिथे साचतो. साचला की ओघळतो." शंभर वेळा सांगितलं असेल. जेवतानासुद्धा सांगायचे.

लेकीने मुद्दाम हीच शोधून पाठवली असणार. तिला लहानपणी गोष्ट सांगायचो या गाडीची. पुढचं काही सांगितलेलं नाही.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

चाकं बसवली. चारातली तीनच जमिनीला टेकतात.

१४ फेब्रुवारी, बुधवार

पत्रेवाला बल्ब न्यायला आला होता. ठोकून ठोकून त्याचे कान गेलेत, त्यामुळे खासगी गोष्टही ओरडूनच सांगतो. "वस्ताद अंथरुणाला खिळलेत! डोळे तर पारच गेले. सून करते सगळं. तुझं नाव काढलं होतं म्हणे."

"काय म्हणाले?"

"आं?"

"काय म्हणाले माझ्याबद्दल?"

"ते नाही विचारलं बुवा."

अख्ख्या वर्कशॉपने ऐकलं. नवा रंगारीही काचेआडून बघत होता. मी बल्ब दिले, दोनऐवजी तीन गेले.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

लिहूनच काढतो.

चौदा वर्षं झाली. एक पांढरी गाडी होती, मोठ्या माणसाची. आम्ही दोघेही तिच्यावर होतो, बंदूक एकमेकांच्या हातात देत. वस्तादांच्या डोळ्यांवर तेव्हाच साय धरू लागली होती. डब्यावरचं लेबल हातभर लांब धरून वाचायचे. मला माहीत होतं, मालकांना नव्हतं. गाडी उन्हात काढली तर डाव्या मागच्या दरवाज्यावर, अगदी खालच्या कोपऱ्यात, ओघळ. तांदळाच्या दाण्याएवढा. पण त्या माणसाने नेमका तोच बघितला आणि नको नको ते बोलला.

मालकांनी मला एकट्याला आत बोलावलं. दार लावून घेतलं. "हा हात कोणाचा?"

मी म्हणालो, "वस्तादांना आता नीट दिसत नाही."

एवढंच. त्यापुढे एक शब्द बोललो नाही. खोटं तर नव्हतंच. पण त्यांच्या पाठीमागे बोललो, ज्यांनी मनगट धरून शिकवलं त्यांच्या.

मग त्यांना बोलावलं. ते दरवाज्यापाशी उकिडवे बसले, ओघळावरून बोट फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं. माझ्याकडे तोंड केलं. मला वाटलं आता बोलतील. ते उठले, खुंटीवरचा टॉवेल घेतला, झटकला, नीट घडी घातली आणि गेले. सोमवारपासून बंदूक माझ्याकडे.

गप्प राहिले म्हणजे कबूल असणार, असं सगळ्यांनी धरलं. मीही.

त्या दिवसापासून रोज सकाळी देवापुढे उभा राहतो तेव्हा शेवटी एकच मागणं असतं – खरं बोललो, पण पाठीमागे बोललो, तेवढं पदरात घे. चौदा वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. वस्तादांच्या घरी मात्र एकदाही गेलो नाही. देव जवळ पडतो.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

ठरलं. गाडी पुरी करायची, हिरवी करायची आणि त्यांच्या हातात नेऊन द्यायची. आणि जे पाठीमागे बोललो त्याची माफी तोंडावर मागायची. ते असेपर्यंत. माझीही छाती काही शंभर वर्षं चालायची नाही.

हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चौदा वर्षं गाडी मिळत नव्हती होय जायला?"

१८ फेब्रुवारी, रविवार

सत्यानाश केला.

पेटीत चार इवल्या बाटल्या होत्या रंगाच्या. वास घेतला – वासच नाही. म्हटलं, हा कसला रंग, पोरांचा. वस्तादांच्या हातात द्यायची गाडी, तिला आपला खरा रंग हवा. काल नव्या रंगाऱ्याकडून वाटीभर हिरवा मागून आणला होता, वर थिनर. थिनर जरा सढळ घातलं, म्हणजे पातळ बसेल. पत्र्यावर असंच करतात.

टपावर एक हात दिला. काय चकाकी आली! दोन महिन्यांनी तो वास नाकात गेला आणि मी एक क्षण सगळं विसरलो. मग टप सुरकुतलं. दुधावर साय धरते तसं. ब्रशने सारखं करायला गेलो तर ब्रशच आत रुतला. बघता बघता टप मध्ये खाली बसलं.

प्लास्टिक. थिनरने विरघळतं. हे नव्या हेल्परलाही माहीत असतं, बंपरला आम्ही कधी थिनर लावू देत नाही. आणि मी! आयुष्यभर पत्रा बघितला म्हणून गाडी दिसली की हाताला पत्राच वाटतो.

खोकला असा आला की भिंत धरावी लागली. ही धावत आली, खिडक्या उघडल्या, वाटी उचलून मोरीच्या कट्ट्यावर ठेवली. ओरडेल वाटलं होतं. ओरडली नाही. म्हणाली, "मरायचंच असेल तर मला आधी सांगा. माहेरी कळवायला लागेल."

गाडी पेटीत घातली. पेटी माळ्यावर.

१९ फेब्रुवारी, सोमवार

प्रार्थनेला उभा राहिलो. नेहमीच्या मागण्यापाशी आलो आणि शब्द फुटला नाही.

२४ फेब्रुवारी, शनिवार

लेकीचा फोन.

"बाबा, पाण्याचे रंग दिले होते ना सोबत? कागदावर चित्रं आहेत सगळी."

"परक्या भाषेतला कागद आहे तो."

"चित्रंही परक्या भाषेत असतात का?" मग हसली. "आई म्हणाली, वस्तादकाकांना द्यायचीय. मग माळ्यावर ठेवून कशी पोचेल? तुम्ही डेंटिंग-पेंटिंगवाले ना? अपघात झालेली गाडी काय टाकून देतात तुमच्याकडे?"

आवाज नीट येत नाही म्हणालो. स्पष्ट येत होता.

२५ फेब्रुवारी, रविवार

पेटी खाली काढली. खचलेल्या टपात पुट्टी भरली, चिमटीएवढी. सुकू दिली. पाण्यात भिजवून घासायचा पॉलिश पेपर बोटाएवढा कापला, वाटीत पाणी घेतलं आणि घासत बसलो. गोल गोल नाही, एकाच दिशेने. बऱ्याच दिवसांनी हाताला काम ओळखीचं वाटलं. दोन तास गेले. खोकला एकदाच आला.

टप पूर्ण सपाट झालेलं नाही. डोळ्याला कळत नाही, बोटाला कळतं. मध्यभागी एक लाट आहे.

२ मार्च, शनिवार

बिनवासाचा हिरवा लावला. पहिला हात. खेळण्याचा रंग म्हणून नावं ठेवली होती, पण धरतो बरा.

ही चष्मा आणून शेजारी ठेवून गेली. न बोलता. मी लावला नाही, न बोलता.

३ मार्च, रविवार

दुसरा हात. टप, बोनेट, उजवी बाजू. मग डावी – पुढच्या दरवाज्यापासून मागे, एका दमात. सुकल्यावर हातभर लांब धरून बघितली. झकास. मोडलेल्या आरशाच्या जागी काडीचा तुकडा बसवलाय, काळा करून. चौथं चाक अजून अधांतरीच आहे. राहू दे.

१० मार्च, रविवार

जाऊन आलो.

दोन जिने. दुसऱ्यावर खोकला आला, कठडा धरून थांबलो. सुनेने दार उघडलं. "कोण आपण?" मी काही बोलायच्या आत आतून आवाज आला – "येऊ दे त्याला. खोकल्यावरून ओळखला. रंगाऱ्याचाच आहे."

खिडकीशी कॉट. वस्ताद इतके लहान झालेत. हात मात्र तेच, नखांच्या कडांना अजून रंग असावा असे. मी पाया पडलो. ते म्हणाले, "तुझ्याही आत गेला तर रंग." मी हो म्हणालो.

गाडी हातात दिली. काय आहे ते सांगितलं नाही. बोटं फिरली – चाकं, बोनेट, काच. "हिरवी आहे का?" म्हणाले. "हो, गडद," म्हणालो. मग टपावर बोट गेलं आणि थांबलं.

"थिनर लावलंस."

"हो."

"पत्रा समजलास." आणि हसले. पोट धरून हसले. सून आतून डोकावली. "अगं, इतकी वर्षं माझ्या हाताखाली काढलेला माणूस, आणि प्लास्टिकला थिनर लावतो!" मीही हसलो. दोघेही खोकलो.

मग त्यांचं बोट डाव्या बाजूवरून गेलं. पुढचा दरवाजा, मागचा दरवाजा, खाली. थांबलं. पुन्हा मागे जाऊन त्याच जागी आलं. हसू हळूहळू गेलं. रागही नव्हता चेहऱ्यावर.

"अजून थांबतोस," म्हणाले.

"काय वस्ताद?"

"काही नाही. डोळे कसे आहेत तुझे?"

"बरे आहेत," म्हणालो. मग चौदा वर्षं घोकलेलं बोलून टाकलं. की त्या दिवशी मालकांना जे सांगितलं ते तुमच्या तोंडावर सांगायला हवं होतं. पाठीमागे बोललो, ते मला जन्मभर सलतंय.

ते खिडकीकडे तोंड करून ऐकत होते. "तोंडावर सांगितलं असतंस तर काय, मला दिसायला लागलं असतं?" मग म्हणाले, "तुझी लेक तेव्हा लहान होती नाही का. तिसरीत."

"दुसरीत."

"हां. दुसरीत."

चहा आला. मी म्हणालो, गाडी तुमच्यासाठीच केलीय, ठेवून घ्या. त्यांनी ती चाचपून माझ्या मांडीवर ठेवली. "इथे नको. घरी ने. उजेडात बघ एकदा नीट."

घेतली नाही. चहा दिला, हसले, चौकशी केली, पण गाडी घेतली नाही. माफ केलं का, कळलं नाही. येताना जिना फार लांब वाटला. हिने काही विचारलं नाही, ताट वाढलं.

११ मार्च, सोमवार

सकाळी अंगणात उन्हात गाडी धरली. चष्मा लावून.

डाव्या मागच्या दरवाज्याच्या खालच्या कोपऱ्यात ओघळ आहे, हात थांबला तिथे साचलेला. तांदळाच्या दाण्याएवढा. या गाडीला माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही.

त्यांनी तेव्हाही बोटानेच वाचलं होतं, हात कोणाचा ते. चौदा वर्षं मी देवाकडे खरं बोलल्याची माफी मागत होतो.