करिश्माचे चव्वेचाळीस क्रेडिट

३ जून, सकाळ
करिश्माच्या उरलेल्या वहीत लिहून राहिले. माझी शाळा चौथीपर्यंत, पण हात अजून चालतो. बातमी लई गोड हाय. नातीनं लातूरच्या खाजगी विद्यापीठात बीएस्सीचं पहिलं वर्ष काढलं, आता दुसऱ्याला नांदेडला यायचं म्हणते. उमरीहून रेल्वेनं रोज येणं-जाणं. म्हणजे पोर घरात! भाकरी माझ्या हातची.

५ जून
आज करिश्माकडून फोनवर क्रेडिट समजलं. पेपर पास झाला की क्रेडिट मिळतात. तिचे चव्वेचाळीस हायत, मोबाईलात दिसतात म्हणे. नांदेडवाले त्यातले किती धरतात त्यावर दुसऱ्या वर्षाचा प्रवेश. मी म्हटलं, किती काय, सगळेच! तुझी आई उज्वला लग्नात अकरा भांडी घेऊन आली, एक तरी परत पाठवलं का? उज्वला आतून म्हणाली, आत्या, एका पातेल्याला पोचा होता म्हणून वर्षभर ऐकवलंत.
तो विषय वेगळा.

८ जून
कोपऱ्यातली खोली करिश्मासाठी रिकामी केली. ज्वारीची सात पोती उज्वलाच्या पलंगाशेजारी. तिला आनंद झाला असावा, पोती दोनदा मोजली.

१२ जून
पोरीला फोनवर रस्ता सांगितला. आधी लातुरातून नाव काढ, दाखला हातात घे, मगच नांदेड. उज्वलाचं नाव तिच्या माहेरच्या, औशाच्या रेशनकार्डातून कमी करून उमरीच्या कार्डात मीच घातलं, तहसीलात तीन चकरा मारून. जुन्या जागी नाव असलं तर नवीन कोण घेतंय? करिश्मा म्हणे, आजी, आधी नांदेडकडून लेखी येऊ दे. भित्री हाय. बापावर गेली. तासभर समजावलं तेव्हा हाव म्हणाली.

१७ जून
नांदेड. करिश्मा लातुरातून आली, मी पिशवीत शेंगदाण्याचे लाडू अन् ही वही घेऊन. कॉलेजातले रामलिंग बाबू मुखेडचे निघाले, माझं माहेर! काम झालंच. त्यांनी दोन लाडू खाल्ले अन् तिचा एकेक पेपर आपल्या यादीशी लावून बघितला. मी भांड्यांचं सांगितलं. म्हणाले, आजी, तुम्ही पोच्याचं पातेलंही ठेवून घेतलं, आम्हाला आमच्या विषयाशी जुळेल तेवढंच घेता येतं. लेखी आठ दिवसांत कळवू.
साहेब शेजारी बसलेले, म्हणून असं बोलले. माहेरची माणसं मी ओळखते.
येताना पोरीच्या अभ्यासाला टेबल घेतलं.

२५ जून, दुपार
नांदेडचं पत्र घरी आलं. सव्वीसच धरले. मशरूमचा विषय, मधमाशीचा विषय, इथं न्हाईतच म्हणे. एवढ्यावर दुसरं वर्ष मिळत न्हाई, परत पहिल्यात बसा. अन् लातुरातलं नाव तर पोरीनं काढलेलं. माझ्या सांगण्यावरून. वर्ष गेलं की तिचं.
जेवण गेलं न्हाई. १२ तारखेला ऊन लई होतं, तेच डोक्यात गेलं असणार.

२५ जून, दिवेलागण
करिश्माचा फोन. नाव काढलंच न्हाई तिनं! मग हाव का म्हणालीस गं, विचारलं. म्हणे, आजी, तू फोनच ठेवत नव्हतीस. दुसरं वर्ष लातुरातच. चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस शाबूत. लई लई आनंद झाला. शहाणी पोर, माझ्यावर गेली.
उज्वलाला म्हटलं, मी पहिल्यापासून सांगत होते, घाई नको. ती पोती ओढायला लागली.

२८ जून
सातही पोती कोपऱ्यातल्या खोलीत. टेबल मागं अडकलं, आता ज्वारी संपल्यावर निघेल.
१२ तारखेचं पान फाडून टाकावं म्हणते, उगं कुणाच्या हाती लागायचं. फाडायला घेतलं तर मागल्या बाजूला करिश्माचा नवीन नंबर. १७ ला लिहून दिलेला, लई मोठ्या आकड्यांत, चष्मा सापडला न्हाई तरी दिसावा म्हणून.
राहू दे पान. जेवली का, विचारते.