अर्धा सूर खाली

प्रिय ओडेल,

परवा स्टुडिओत तू टोपी विसरलास. वर्लीनने ती धुऊन वाळत घातली आहे आणि वासावरून तुला दोन शिव्याही हासडल्या आहेत. माझी बायको शिव्या फक्त घरच्यांनाच देते, हे तू जाणतोसच.

नऊ गाणी झाली. रेकॉर्डिंगवाला एमरी मेम्फिसहून फोन करून विचारतो, "म्हाताऱ्यांनो, इतकी वर्षं कुठं दडून बसला होतात?" आला होता तो एकट्या माझ्याकडे, पण ओडेलशिवाय वाजवणार नाही, असं मीच त्याला ठणकावलं होतं. तिसऱ्या गाण्यात माझी तार रडते आणि तू श्वास रोखून थांबतोस, ती जागा मी चार वेळा ऐकली. खोट काढायला बसलो होतो, सापडली नाही. हा अल्बम चांगला झालाय, ओडेल. सत्तरीत इतकं चांगलं वाजवणं आपल्याला शोभत नाही!

राहिलं ते पुराचं गाणं. एमरीने त्याचं नाव काढलं आणि तू हार्मोनिका रुमालात गुंडाळलीस. "ते नको, लूशियस. दुसरं काहीही सांग." एमरीला वाटलं, तू दमलास. मी खाली मान घालून तारा पुसत बसलो. खरं तर तेव्हाच बोलायला हवं होतं.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी माझ्या हाताने लिहितो. अठरा वर्षांपूर्वी, चर्चच्या जेवणाला, मासे तळले जात होते, अख्खं गाव गवतावर बसलं होतं आणि आपण दोघं मंचावर हेच पुराचं गाणं वाजवायला उभे होतो. त्या सकाळी घरी ते गाताना माझा आवाज वरच्या सुराला पोचेना. मी तारा अर्ध्या सुराने उतरवल्या आणि तुला सांगितलं नाही. गिटारला खुंट्या असतात, हार्मोनिकाला नसतात. सूर बदलला तर गिटारवाल्याने आधी सांगायचं, म्हणजे जोडीदार त्या सुराची हार्मोनिका आणतो. हे पोराटोरांनाही कळतं. तू फुंकर मारलीस आणि कर्कश, बेसूर आवाज निघाला. होझीया न्हावी ओरडला, "काय रे ओडेल, सकाळीच लावलीस वाटतं?" लोक खो खो हसले. तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस. तुला कळलं होतं. मी गप्प राहिलो, आणि तू हार्मोनिका खिशात टाकून खाली उतरलास. दारूला कधी न शिवलेला माणूस गावात बेवडा ठरला, पुन्हा कुणी तुला वाजवायला बोलावलं नाही. आणि माझा आवाज गेलाय, हे तू कुणाला सांगितलं नाहीस. मला लाज वाटते, ओडेल.

काल रविवारी प्रार्थना संपल्यावर मी उभा राहिलो आणि हे सगळं, याच शब्दांत, भर चर्चमध्ये सांगितलं. होझीया रडला. तो आणि आणखी काहीजण तुझ्या दारात येणार आहेत, आणि त्यांच्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र वर्लीनच्या हाती आजच पाठवतोय. त्यांना आत घे नाहीतर हाकलून दे, तो तुझा हक्क आहे. गुरुवारी स्टुडिओत मी त्या गाण्यासाठी मूळच्या वरच्या सुरात तारा लावून बसेन. तू ये. माझा आवाज फाटेल, आणि ते जगाला ऐकू येईल. येऊ दे.

तुझाच,
लूशियस