तिसरी भाकरी

१५ जानेवारी २००३
वही घातली. डॉक्टरांचा हुकूम. "दिवसभरात तोंडात जे जाईल ते लिहायचं, लपवायचं नाही." दहावीनंतर मी लिहिल्या असतील तर टेम्पोच्या ट्रिपा.
परवा बेल्ह्याच्या बाजाराला बैल घेऊन चाललो होतो. आळेफाट्याच्या अलीकडे डोळ्यांपुढे अंधारी आली. टेम्पो कडेला कसा घेतला ते मागच्या बैलांनाच ठाऊक. वजन ९६. साखर वाढलेली, बीपीही. डॉ. म्हणाले, चौदा-पंधरा किलो उतरवा, नाहीतर पुढच्या वेळी कडेला घ्यायला सवड मिळायची नाही.
आज: भाकरी ४, भात, चहा ७, भजी. शेंगदाणे किती ते मोजले नाहीत.

१९ जानेवारी
नियम ठरले. भा. दोनच. चहा बिनसाखरेचा. जेवायच्या आधी काकडी, मुळा, काय असेल ते. टेम्पो गावच्या फाट्यावर लावायचा आणि मळ्यापर्यंत चालत यायचं. जातानाही चालत.
ही चुलीपुढून म्हणाली, "दोन भाकरीवर मानूस जगतंय व्हय? लोकं म्हनत्याल, नवऱ्याला उपाशी मारती."
म्हणालो, जगतंय की नाही ते बघायलाच तर वही घातली आहे.

३ फेब्रुवारी
बेल्हे. बाजार भरला होता. भज्याच्या कढईपासून टेम्पो मुद्दाम लांब लावला, तर वारा तिकडूनच. केबिनमध्ये बसून काकडी खाल्ली. निवृत्ती व्यापारी खिडकीत डोकावला. "काय राव, बैलाचा चारा तुमीच खायला लागला का?" हसलो. पोटात काही हसू नव्हतं.
भा. २. चहा ३. संध्याकाळी चिडचिड, धाकटीवर उगाच ओरडलो.

३० मार्च
व. ९१. घास सावकाश चावायचा, हे सगळ्यांत अवघड. तीस वर्षं गाडी चालू ठेवून जेवल्यासारखा जेवलो. आता भाकरीची चव कळते. बाजरी गोड असते हे मला पन्नाशीला कळतंय.

१५ जून
व. ८५. पॅन्ट कमरेला राहीना. थोरल्या संगीने दोन्ही बाजूंना आत घेऊन टीप मारून दिली. बारावीनंतर शिवणाच्या क्लासला जाते, हात चांगला बसलाय. म्हणाली, "आबा, दोन बोटं आत घेतली. कापलं न्हाई, लागलं तर सोडता येईल." म्हणालो, सोडायची वेळ येणार नाही.
फाट्यापासूनच्या चढावर एकदाही थांबलो नाही. बरं वाटलं. लिहून ठेवतो, असं रोज लिहायला मिळत नाही.

६ जुलै
संगीला बघायला घोडेगावकडचे पाहुणे. मेव्हणा बबन मध्यस्थ. मुलगा चाकणला कंपनीत, शांत आहे, संगीशी दोन वाक्यं नीट बोलला. तिला आवडलेला दिसतो. विचारलं तर आत पळाली.
मुलाचे वडील, तात्या, वजनदार माणूस, दोन्ही अर्थी. बसल्या जागी धाप. लाडू पुढे केला, मी नको म्हणालो. "पावणं, गोड चालत न्हाई काय?" म्हणालो, आवड नाही. साखरेचं बोललो नाही. घरात आजार आहे म्हटलं की पोरीच्या कपाळी चिकटतो.
आठ दिवसांत कळवतो म्हणाले.

१० ऑगस्ट
व. ८१. डॉक्टरांनी काट्यावरून उतरू दिलं नाही, दोनदा बघितलं. पाठ थोपटली. "उतरवणं सोपं असतं. टिकवणं अवघड. हेच ताट, हेच चालणं, आता जन्मभर."
घोडेगावहून निरोप नाही. महिना होऊन गेला.
येताना दुकानासमोर चौघे बसलेले. मी आलो तसे गप्प झाले. मग एकजण म्हणाला, "लई उतरला राव." त्यात कौतुक नव्हतं.

१८ सप्टेंबर
शेजारच्या आळीत पितरांचं जेवण. आग्रहाचं बोलावणं, गेलो. पंगतीत सगळ्यांना स्टीलची ताटं. माझ्यापुढे पत्रावळ. वाटलं, ताटं कमी पडली. वळून बघितलं तर कोपऱ्यात दहा-बारा ताटांची चळत.
पाणी द्यायला कोणी पेला आणला नाही. पोटभर जेवलो असं म्हणून उठलो. घरी हिला सांगितलं नाही.

१९ सप्टेंबर
कळलं. न कळायला काय झालं.
ज्ञानू ड्रायव्हर असाच उतरत गेला होता. आम्ही दोघं भाजी घेऊन मुंबईला एकत्र जायचो. विचारलं की सांगायचा, साखर झालीय. शेवटी एड्स निघाला. त्याच्या बायकोने चहा पुढे केला होता, आणि मी पोट बिघडलंय म्हणून टेकवून ठेवला. दहाव्यालाही घाटावरूनच परत फिरलो. ती बाई तेव्हा माझ्याकडे बघत होती.
पत्रावळ मलाच कशी आली म्हणून रडायला मला तोंड नाही.

२१ सप्टेंबर
बबन आला. आधी दोन तास पावसापाण्याचं बोलला. मग, "दाजी, तात्यांनी इचारलंय. पोरगी पसंत हाय, पन पावण्याची तब्येत का उतरली?"
म्हणालो, साखर आहे म्हणून सांग.
"समदेच साखर सांगत्यात, दाजी. ज्ञानू काय सांगत व्हता?"
मग काय करू, ते तूच सांग.
"जरा अंगावर धरा. मानूस भरलेला दिसला की लोकं इसरत्यात."
ही आत ऐकत होती. तिचं भांडं पडलं. गेले पंधरा दिवस हिला पाणवठ्यावर कोणी आपल्या भांड्याला हात लावू देत नाही, हे आज सांगितलं तिने. तिलाही धरून बोलतात. मला सांगितलं नव्हतं. आम्ही दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो.

२९ सप्टेंबर
आळेफाट्याला जाऊन रक्त तपासलं. तो आजार नाही. मला ठाऊकच होतं, तरी कागद पायरीवर बसून तीनदा वाचला.
बबनला दाखवला. आनंद व्हायचा सोडून कपाळाला हात. "ह्यो कुनाला दाखवायचा? दाखवला की म्हनत्याल, शंका व्हती म्हनून तर तपासलं! घडी घाला अन् ठेवून द्या."
घडी घातली. या वहीत मागे आहे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

५ ऑक्टोबर
हिने न विचारता तिसरी भाकरी ताटात टाकली. वर तूप. खाल्ली.
संगीला पॅन्ट दिली, म्हणालो टीप सोड. "का आबा? बसतीय की." म्हणालो, सोड. पॅन्ट दोन दिवस मशीनवर तशीच पडून होती.
टेम्पो आता दारापर्यंत आणतो. चालताना दिसलो की लोक म्हणतात, डॉक्टरने सांगितलं असणार.

२५ ऑक्टोबर
दिवाळी. व. ८६. चहात साखर घातली की मळमळतं. जीभ विसरली आहे. फेब्रुवारीत भज्याच्या वासाने जीव जात होता, आता करंजी औषधासारखी गिळतो. लाज वाटते लिहायला, पण मला माझं काकडीचं ताट आठवतं.
दुकानासमोरचे चौघे म्हणाले, "आता कसं! गडी भरला." एकाने बिडी पुढे केली, त्याच्याच हातची, अर्धी ओढलेली. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

१६ नोव्हेंबर
व. ९०. गोळ्या संपल्या म्हणून डॉक्टरांकडे जावंच लागलं. काट्याकडे बघून ऑगस्टचा कागद काढला. "काय झालं?"
म्हणालो, दिवाळी.
"दिवाळी चार दिवसांची असते." साखर तपासली. आकडा सांगितला तो इथे लिहीत नाही. म्हणाले, वही दाखवा. घरी राहिली म्हणालो. पिशवीतच होती.
खरं सांगता आलं असतं. त्यांनी काय केलं असतं? गावभर दवंडी दिली असती?

३० नोव्हेंबर
घोडेगावचा होकार. बबन पेढे घेऊनच आला. बाजारात तात्यांनी मला लांबून पाहिलं म्हणे, आणि म्हणाले, "आपल्याला उगंच शंका आली." येत्या रविवारी सुपारी फोडायची. संगी दिवसभर गुणगुणत होती. त्यासाठी आणखी पाच किलो लागले तरी चालतील, असं वाटलं. मग चढ आठवला.

७ डिसेंबर
सुपारी फुटली. पंधरा-वीस माणसं. तात्या माझ्या शेजारीच बसले, नजर माझ्या ताटात. त्यांच्याकडचे लोक आग्रह करायला पुढे. पुरणपोळ्या पाच खाल्ल्या, तूप, दूध, वर भात. प्रत्येक पोळीला समोरचे चेहरे सैल होत गेले. पाचवी संपली तेव्हा कोणीतरी म्हणालं, "इहाई तोलामोलाचं मिळालं!" सगळे हसले.
हात धुतल्यावर तात्या मला टेम्पोच्या आडोशाला घेऊन गेले. इकडेतिकडे बघितलं.
"पावणं, एक इचारू? रागावू नका. उन्हाळ्यात तुमी बारीक झाला व्हता, ते कसं जमवलं?"
का, विचारलं.
"मला बी साखर हाय. लई हाय. डॉक्टर म्हनतो वजन उतरवा, न्हाईतर अवघड हाय. पन तुमच्याबद्दल काय काय बोलत व्हती लोकं... भ्या वाटतं."
ती लोकं म्हणजे कोण, हे अगदी ओठांवर आलं होतं. आता ते व्याही. गिळलं. पाच पोळ्यांवर तेही जागा करून बसलं.
मग सांगितलं. दोन भाकरी, आधी काकडी, चहा असा, चालणं तसं. ते बोटांवर मोजत होते. घामाने सदरा पाठीला चिकटलेला. मला राग यायला हवा होता, तो आला नाही. माणूस घाबरलेला होता, आणि तो कसा घाबरलाय हे माझ्याइतकं कोणाला कळणार.
शेवटी माझा हात धरला. "वैशाखात लगीन व्हऊन जाऊ द्या. मंग दोघंबी करू. तवर नको."
तोवर दोघांनी काय करायचं, ते नाही सांगितलं. आणि धाकटी आता आठवीत आहे. तिचंही स्थळ यायचंच एक दिवस.
पाहुणे गेल्यावर छाती भरून आली. मागच्या भिंतीला धरून उभा राहिलो. उलटी झाली तेव्हा बरं वाटलं. वळलो तर संगी तांब्या घेऊन उभी. टेम्पोच्या पलीकडे ती भांडी घासत होती, सगळं ऐकलंय. तांब्या दिला आणि आत गेली.

१० डिसेंबर
व. ९३. फाट्यावरून मुद्दाम चालत आलो. चढावर दोनदा थांबलो. दुसऱ्यांदा बसलो.
घरी ही नव्हती, संगीने वाढलं. भाकरी २, मेथी, काकडीच्या फोडी. जानेवारीतलं ताट. पॅन्टच्या दोन्ही बाजूंना पुन्हा टाचण्या लावलेल्या, मला न सांगता.
दोन संपल्या. तिसरी मागितली.
"संपल्या."
दुरडी तिच्या मागेच होती. फडक्याखाली चार तरी असतील.
म्हणालो, "संगे, वैशाखापर्यंत खायला लागंल. तुझ्यासाठी."
"संपल्या म्हनलं ना, आबा." दुरडीपुढून हलली नाही.
मीही ताटावरून उठलो नाही.